अक्का चढणीला का बसायची

आमची वाडी कोयनेच्या खोऱ्यात, पाटण तालुक्यात. घरं खाली ओढ्याकाठी आणि शाळा वर देवळाच्या माळावर. मधे एक चढण. चढणीच्या निम्म्यावर करंजाचं झाड होतं आणि त्याच्या बुडाशी एक सपाट दगड. अक्का त्या दगडापर्यंत यायची आणि बसायची. दगड रिकामाच राहायचा. ती त्याच्या शेजारी मातीत उकिडवी बसायची, गुडघे छातीशी घट्ट आवळून, मान खाली घालून. मी दोघींची दप्तरं घेऊन उभी. "चल की गं, गुरुजी मारतील," म्हटलं की एक बोट वर करायची. थांब. मी मनात शंभरापर्यंत मोजायची. मग ती उठायची, वीसेक पावलं चढायची आणि पुन्हा बसायची.

ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, पण मी पहिलीत गेले तेव्हाच तिच्याहून उंच होते. लंगडी, फुगडी, आट्यापाट्या, कशातच ती नसायची. कडेला बसून गुण मोजायची. तिचं मोजणं कधी चुकत नसे.

जांभळांच्या दिवसांत आम्ही पोरं जिभा बाहेर काढून कुणाची जास्त निळी ते बघायचो. अक्काच नेहमी जिंकायची. एकही जांभूळ न खाता जिंकायची. तिची जीभ श्रावणातही तशीच असायची, शिमग्यालाही तशीच. आम्ही त्याला 'अक्काची जांभळी जीभ' म्हणायचो आणि आम्हाला ती तिची एक गंमतच वाटायची. तिच्या बोटांची टोकं फुगीर होती, टिपरीच्या टोकासारखी गोल, आणि नखं त्यावर कमानदार बसलेली. आई म्हणायची, माझ्या आज्याची बोटं अशीच होती.

हे सगळं मी मुद्दाम बारीक लिहिते आहे. कारण यातली एकही गोष्ट लपलेली नव्हती. बसणं साऱ्या गावाने पाहिलं होतं. जीभ आम्ही रोज पाहत होतो. प्रत्येक खुणेला आमच्याकडे एक शब्द तयार होता. चढणीला बसते ती आळशी. अंगाला लागत नाही म्हणजे मुडदूस. तान्हेपणी दोनदा छाती भरली होती तो डबा. पाजताना मधेच सोडून रडायची ती दृष्ट, मग मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत. शब्द मिळाला की माणसाचं समाधान होतं आणि पुढचा प्रश्न विचारायचा राहून जातो. आमच्या घरात दहा वर्षं असंच चाललं.

११ डिसेंबर १९६७ ला पहाटे भूकंप झाला. आमच्या घराच्या दोन भिंती गेल्या, माणसं वाचली. त्यानंतरचे दिवस आम्ही खळ्यात, पाचटाच्या खोपीत काढले. मदतीला बाहेरगावचे डॉक्टर आले होते. वडिलांच्या पायाला लागलं होतं, म्हणून ते आमच्या खोपीशी आले. त्यांची नजर अक्काकडे गेली. त्यांनी तिच्या छातीला नळी लावली, बराच वेळ लावून ठेवली, जीभ बघितली, नखं बघितली. मग वडिलांना बाजूला घेऊन म्हणाले, "हिच्या हृदयात जन्मापासूनच दोष आहे. मुंबईला मोठ्या दवाखान्यात दाखवा." आणि चिठ्ठी लिहून दिली.

आमच्या खोऱ्यातल्या निम्म्या घरांसारखा आमचाही एक माणूस गिरणीत होता. चुलत्याची खोली परळला, केईएम दवाखान्यापासून चालत जाण्याएवढी. म्हणजे रस्ता होता. पण घराला भिंती नव्हत्या, बैल विकलेला होता आणि वडिलांच्या पायाची जखम भरत नव्हती. "उन्हाळ्यात जाऊ," असं ठरलं. चिठ्ठी देवाच्या तसबिरीमागे ठेवली.

माघातल्या एका सकाळी अक्का उठून रडायला लागली. का ते कळेना. रडता रडता तिचा रंग बदलला, ओठ काळेनिळे झाले, श्वास खोल आणि भरभर चालू झाला, डोळे लागायला लागले. ती अंथरुणावर गुडघे पोटाशी ओढून घेत होती. आजीला वाटलं, आकडी आली. ती म्हणाली, पाय सरळ करा, हवा लागू दे. पाय धरायला मला सांगितलं. मी आठ वर्षांची होते. मी अक्काचे दोन्ही घोटे धरले आणि सरळ करून दाबून ठेवले. ती ओढत होती, मी सोडले नाहीत. थोड्या वेळाने ती ओढायची थांबली.

पुढे माझं लग्न झालं, शेजारच्या गावात आले आणि १९९३ मध्ये अंगणवाडी सेविका झाले. पोरांची वजनं करणं हे माझं जन्माचं काम. झोळीत बाळ घालायचं, काटा टांगायचा, रडणारं पोर स्थिर व्हायची वाट बघायची, तक्त्यावर टिंब द्यायचं. ते काम मी मनापासून केलं.

६ फेब्रुवारी २०१३ ला आपल्या पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. पुढे त्याची गाडी आमच्याकडेही येऊ लागली, अंगणवाडीला वर्षातून दोनदा, शाळेला एकदा. दोन डॉक्टर, औषधांचा माणूस आणि सिस्टर. जन्मतः असलेले दोष शोधायचे, हे त्यांचं एक मुख्य काम. त्या सुमारास तालुक्याला आमचं प्रशिक्षण झालं. एका तरुण डॉक्टरबाईंनी फळ्यावर हृदय काढलं आणि चार खुणा केल्या. म्हणाल्या, फॅलो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८८८ मध्ये या चार दोषांचं एकत्र वर्णन केलं, म्हणून त्याला फॅलोचं नाव. मग म्हणाल्या, "ही मुलं चालता चालता उकिडवी बसतात. कुणी शिकवत नाही, त्यांना आपोआप कळतं." मी वही मिटली आणि बाहेर नळावर गेले. पाणी बराच वेळ तसंच वाहत होतं.

परत येऊन मी त्यांना विचारलं, बसल्याने काय होतं? त्यांनी सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते, कारण मी शेतकऱ्याची लेक आहे आणि मला पाण्याचं कळतं. हृदयातून दोन पाट निघतात. एक फुफ्फुसाच्या वाफ्याकडे, जिथे रक्त साफ होऊन लाल होतं. दुसरा साऱ्या अंगाकडे. अक्काचा फुफ्फुसाकडचा पाट तोंडाशीच अरुंद होता आणि दोन्ही पाटांच्या मधल्या बांधाला भगदाड होतं. अरुंद पाटात पाणी शिरेना, मग ते न साफ होताच भगदाडातून अंगाच्या पाटात जायचं. म्हणून जीभ निळी. चढण चढली की अंगाचा पाट आणखी मोकळा होतो आणि निळं रक्त आणखी तिकडे धावतं. उकिडवं बसलं, गुडघे पोटाशी दाबले, की पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दबतात. तो पाट दाबला गेला की पाणी फुफ्फुसाकडे वळतं. दारं धरणारा माणूस खोऱ्याने जे करतो ते अक्का गुडघ्यांनी करत होती.

आणि असं पोर एकाएकी रडून निळं पडलं तर पहिली गोष्ट हीच करायची, म्हणाल्या. त्याचे गुडघे छातीशी धरून त्याला उराशी घ्यायचं, शांत करायचं आणि दवाखाना गाठायचा.

पाय सरळ करायचे नाहीत, हे त्यांनी वेगळं सांगितलं नाही. ते मला कळलं.

माझी लेक पुण्यात नर्स आहे. तिला मी हे सारं बोलले तेव्हा तिने मला एक हकिगत सांगितली. अमेरिकेत बाल्टिमोरला हेलन टॉसिग नावाच्या मुलांच्या डॉक्टर होत्या. त्यांना ऐकू कमी येऊ लागलं होतं. नळीतून छातीचा आवाज नीट कळेना, म्हणून त्या बोटांनी मुलांची हृदयं चाचपायच्या. निळ्या मुलांच्या फुफ्फुसाकडे दुसरीकडून रक्त वळवता येईल, हे त्यांच्या मनात आलं. ब्लॅलॉक नावाच्या सर्जननी ते मनावर घेतलं. त्यांच्या प्रयोगशाळेतले कृष्णवर्णीय सहकारी व्हिव्हियन थॉमस यांनी ते आधी कुत्र्यांवर करून करून बसवलं. २९ नोव्हेंबर १९४४ ला सव्वा वर्षाच्या एका मुलीवर ती शस्त्रक्रिया झाली. थॉमस ब्लॅलॉक यांच्या मागे स्टुलावर उभे राहून सांगत होते, कसं करायचं ते. हाताकडे जाणारी एक धमनी त्यांनी फुफ्फुसाच्या धमनीला जोडली. त्या मुलीचं वजन चार-साडेचार किलो होतं म्हणे. सव्वा वर्षाची आणि साडेचार किलो! ते ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा काटाच आला.

अक्काचा जन्म १९५७ चा.

पण सगळीच मुलं निळी पडत नाहीत. हे मला एका बाळाने शिकवलं. साल २०१६. जन्माचं वजन तीन किलो, चांगलं भरलेलं. महिन्याला साडेतीन. दुसऱ्या महिन्याला तीन किलो नऊशे, टिंब हिरव्यातून पिवळ्यात. तिसऱ्या महिन्याला चार किलो शंभर, पिवळ्यातून केशरीत. रंग गोरा, जीभ गुलाबी. बाळाची आजी म्हणाली, "आमचं पोर लई गुणी हाय. रडत न्हाई, जरा प्यालं की झोपतंय."

जरा प्यालं की झोपतंय, हे शब्द माझ्या डोक्यात अडकले. पूर्वी असते तर मी आईच्या खाण्याचं विचारलं असतं, दूध पुरतं का विचारलं असतं, टीएचआरची, म्हणजे अंगणवाडीतून घरी द्यायच्या आहाराची, पाकिटं नीट शिजवून खा म्हणून सांगून घरी आले असते. वजन कमी भरलेलं पोर म्हणजे अन्न कमी, एवढंच आम्हाला शिकवलेलं आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. त्या दिवशी मी म्हटलं, माझ्यासमोर पाजा.

बाळ घाईने लागलं. चार-पाच घोट ओढले, सोडलं, धापा टाकल्या. पुन्हा लागलं, पुन्हा सोडलं. थंडीचे दिवस, अंगावर पातळ झबलं, आणि कपाळावर घामाचे मोठे मोठे थेंब. पाच मिनिटांत ते झोपलं, पोट भरून नव्हे, दमून. तान्ह्या बाळाला दूध ओढणं म्हणजे आपल्याला चढण चढणं. ते चढणीला बसत होतं.

झोपल्यावर मी झबलं वर केलं आणि घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. अठ्ठावन्न. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचे शांत असताना पन्नास किंवा त्याहून जास्त भरले तर ते जास्तच. त्याहून लहान बाळाला साठ. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत होता आणि डाव्या छातीवर हात ठेवला तर तळव्याला मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागत होती. आजी म्हणाली, "डबा असंल. मागच्या महिन्यात बी झाला हुता." मी म्हटलं, "काकू, दोन महिन्यांत दोनदा डबा होतोय, ताप नाही, सर्दी नाही. एकदा नळी लावून घेऊ."

त्या आजीने मला विरोध केला. मोडता घालणारी बाई ती नव्हती, घाबरली होती. "जन्मला तवा डॉक्टरनी बघितलंय की, समदं ठीक म्हणाले हुते." हे खरंही होतं आणि त्यात कुणाची चूक नव्हती. पोटात असताना बाळाची फुफ्फुसं मिटलेली असतात, तिकडचा वाफा उंचावर असतो, म्हणून बांधाला भगदाड असलं तरी पाणी तिकडे धावत नाही. जन्मल्यावर तो वाफा हळूहळू खाली उतरतो. चार-सहा आठवड्यांनी पुरता उतरला की पाणी धो-धो तिकडे जातं आणि फुफ्फुसं तुंबतात. त्यामुळे पहिल्या दिवशी नळीला आवाज नसतो आणि दीड महिन्याने असतो. काही दोषांचं उलटं. पोटातल्या बाळाला हृदयाजवळ रक्ताची एक जादा नळी असते, ती जन्मानंतर थोड्या दिवसांत बंद होते. ज्यांचं सगळं त्या नळीवरच चाललेलं असतं ती बाळं पहिल्या दिवशी छान असतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी, सटवाईच्या पूजेच्या तयारीत घर असताना, एकदम निळी किंवा पांढरीफटक पडतात, दूध सोडतात. अशा बाळाला घरात ठेवायला एक तासही नसतो.

बाळाला गाडीच्या डॉक्टरांनी तपासलं, साताऱ्याला सिव्हिलला पाठवलं, तिथून टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली. दोन खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र. आधी अंगातलं पाणी उतरवायचं औषध, थोडं थोडं पण वरचेवर पाजणं, आणि सहाव्या महिन्यात मुंबईत ऑपरेशन. सरकारी योजनेतून झालं. ही तारीख लांबवून चालत नाही. मोठं छिद्र वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर फुफ्फुसांच्या वाहिन्या जाड आणि कडक होतात, मग रक्त उलटं वाहायला लागतं आणि तेव्हा छिद्र बुजवूनही उपयोग नसतो. ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी ते बाळ मी झोळीत घातलं आणि काटा वर गेला तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना. आजी शेजारीच उभी होती. तिने माझ्या हातातला तक्ता घेऊन ते टिंब स्वतः बघितलं. वाचता येत नव्हतं तिला, पण रंग कळत होता.

बाळाची आई मात्र बरेच दिवस खाली मान घालून असायची. सासरी कुणी तरी म्हणालं होतं, ग्रहणात ही विळी घेऊन बसली होती. मी तिला घरी बोलावून सांगितलं, बाई, बाळाचं हृदय तिसऱ्या आठवड्यात घडायला लागतं आणि आठव्यापर्यंत घडून होतं. तुला डोहाळे लागले, तू नवऱ्याला सांगितलंस, तोवर ते छिद्र राहून गेलं होतं. ग्रहण तर पाचव्या महिन्यातलं. साधारण शंभर बाळांत एकाच्या हृदयात काही ना काही राहतं आणि बहुतेकांचं कारण डॉक्टरांनाही बोटाने दाखवता येत नाही. काहींचं येतं. आईला गरोदरपणात जर्मन गोवर झाला, साखरेचा आजार आधीपासून ताब्यात नसला, बाळाला डाऊन सिंड्रोम असला, घरात आधी असं मूल झालेलं असलं, तर जास्त जपून बघायचं. डाऊनच्या बाळांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हृदयात दोष असतो, त्यांची इको तर न विचारता करून घ्यावी. ती ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "म्हणजे विळीनं न्हाई." "न्हाई," म्हटलं.

शंभरात एक. हा आकडा कळल्यापासून मला एक हिशेब सुटत नाही. एकतीस वर्षांत माझ्या रजिस्टरात सहाशेच्या वर बाळं नोंदली गेली. म्हणजे सहा तरी असणार. माझ्या हातून ओळखली गेली तीन, तिन्ही २०१३ नंतरची. बाकीच्यांतली काही छिद्रं लहान असतील, आपोआप बुजली असतील, पुष्कळ बुजतात. पण जुनी रजिस्टरं चाळताना काही ओळींवर बोट थांबतं. १९९६, मुलगी, अडीच महिने, मृत्यूचं कारण 'डबा'. १९९९, मुलगा, चौथा दिवस, कारणाच्या रकान्यात काहीच नाही. २००४, मुलगी, वजन कमी, आहार सुरू, आहार सुरू, आहार सुरू, आणि मग नाव कापलेलं. ती अक्षरं माझी आहेत.

हल्ली आया मला वाटेत थांबवून बाळ दाखवतात. जीभ मी दारात, उजेडात आणून बघते. आपल्या सावळ्या रंगात ओठांचा निळेपणा चटकन दिसत नाही आणि अंधाऱ्या खोलीत तर मुळीच नाही. आंघोळीनंतर थंडीने हातपाय निळे पडतात त्याची काळजी नको; जीभ आणि हिरड्या निळ्या असतील तर बाळाला तसंच उचलून दवाखान्यात न्यावं. करोनात घरोघर आलेलं बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र, त्याचं बाळांचं वेगळं असतं. चोवीस तास झालेल्या बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला ते लावून बघता येतं. आकडा पंच्याण्णवच्या खाली, किंवा हातापायात तीनहून जास्त फरक, तर पुढची तपासणी. बाळंतपणानंतर घरी सोडायच्या आधी हे झालं का, एवढं मी प्रत्येकीला विचारायला लावते. मोठ्या मुलांची नखं बघते. दोन्ही हातांच्या एकाच बोटांची नखं पाठीला पाठ लावली की मधे शंकरपाळ्यासारखी बारीक फट दिसायला हवी. अक्काच्या बोटांत ती नसणार. आणि डॉक्टरने 'छातीत आवाज आहे' म्हटलं म्हणून धास्तावलेल्या आयांना सांगते, पुष्कळ धडधाकट मुलांच्याही छातीत तसा आवाज असतो. तो कसला ते इको सांगते, ती करून घ्या, मग घाबरायचं की नाही ते ठरवू.

गेल्या आठवड्यात वरच्या आळीतल्या एका घरी बारशाला गेले होते. पाळण्यात ठेवलेली मुलगी, नऊ आठवड्यांची. बायका पाळणा म्हणत होत्या आणि माझं लक्ष तिच्या दुपट्याकडे. दुपटं फार भरभर हलत होतं. बायका पांगल्यावर मी तिच्या आईला म्हटलं, जरा पाज, मी इथेच बसते. मुलीने तीन घोट घेतले आणि सोडलं. आईने पदराने तिचं कपाळ पुसलं, सहज, सवयीने, जणू रोजचंच.

गुरुवारी टूडी इकोची तारीख मिळाली आहे. सकाळची पहिली एसटी साडेसहाची. मुलीचा बाप रजा मिळत नाही म्हणाला, म्हणून मी जाते आहे बरोबर. पाजायला थांबावं लागेल मधे दोनदा, म्हणून एक गाडी आधीची धरली.